कयामतपर्यंतचं पाणी

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर किनाऱ्याची माणसं निवाड्यासाठी आपल्या अंगणात येणार हे कळल्याबरोबर सालहाआत्याने सांगून टाकलं, की जेवल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. भांडणाआधी वाफवलेल्या रव्याची कुसकुस वाढायची ही तिची जुनी खोड. पोटात गरम पडलं की माणसाचा आवाज निम्मा होतो, असं ती म्हणायची, आणि एकाहत्तर वर्षांत तिचा हा अंदाज फारसा चुकला नव्हता.

या वेळी मात्र साक्ष तिचीच होती, त्यामुळे सकाळपासून तिच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

झालं होतं ते असं. तिचा भाचा लस्साद स्फाक्स शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून बायकोला घेऊन बेटावर परतला होता. वारलेल्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. ऑक्टोबर लागताच तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि घराण्याच्या पाण्यात झावळ्या रोवायला लागला. आमच्याकडे मासे असेच धरतात. खजुराच्या झावळ्यांचं लांब कुंपण समुद्रात उभं करायचं, ओहोटीचं पाणी मागे हटताना मासे त्या कुंपणाच्या कडेकडेने चालत शेवटच्या कोंडीत येतात आणि जाळ्यात बसतात. प्रत्येक घराचं पाणी वेगळं, शेतासारखं. पण लस्साद आपल्या हद्दीवर थांबला नाही. तो शेजारच्या फर्जानीच्या पाण्यात दोनशे पावलं आत घुसला. फर्जानीचा थोरला मुलगा नावेतून ओरडला, तेव्हा लस्सादने खिशातून एक पातळ पुस्तक काढून उंच धरलं.

पुस्तक त्याच्या बहिणीचं होतं. रौधा बेटावरच्या शाळेत शिकवते. तिने आत्याकडून ऐकलेल्या गोष्टी मुलांसाठी छापल्या होत्या. अकराव्या पानावर आजोबांची गोष्ट: वादळात फर्जानी नावाचा दहा वर्षांचा मुलगा बापाच्या नावेतून पडला, आत्याच्या बापाने, हसूनाने, उडी मारून त्याला वाचवलं, आणि मुलाच्या बापाने, खमायसने, उपकार म्हणून आपलं निम्मं पाणी हसूनाच्या घराला दिलं. ‘सिदींच्या दर्ग्याचा पांढरा घुमट आणि एकटा खजूर एका रेषेत येतात तिथपर्यंत, कयामतपर्यंत.’

आता किनाऱ्याचे वडीलधारे विचारणार होते, हे खरं का? कागद कुणाकडेच नव्हता. त्या दिवशी पाण्यावर हजर असलेली आणि अजून जिवंत असलेली माणसं दोनच, सालहा आणि खुद्द फर्जानी. फर्जानी तीन आठवडे गप्प बसला होता. म्हणजे राहिली सालहा.

“आत्या, मी फक्त एक वाक्य जास्त घातलं,” रौधा गाजरं चिरता चिरता म्हणाली. हे ती सकाळपासून चौथ्यांदा म्हणत होती.

“कुठलं वाक्य?”

“घुमट आणि खजूर. तू सांगताना नुसतं ‘निम्मं पाणी’ म्हणायचीस. पोरांना डोळ्यांपुढे काही दिसायला नको का? गोष्टीला उभं राहायला जागा लागते.”

“अगं बये, घुमट आणि खजूर एका रेषेत आले म्हणजे आमच्याकडे ते वर्णन नसतं, खरेदीखत असतं! किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवूनच माणूस समुद्रात जागा ओळखतो. तुझ्या बापाचं आयुष्य त्यात गेलं, आणि तू नावेत कधी पाय ठेवला नाहीस.”

“मला वाक्य सुंदर करायचं होतं.”

“मग मांजर घालायचं होतंस. मांजराने कुणाची हद्द सरकत नाही.”

रौधाला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. ती सुरी खाली ठेवून म्हणाली, “पण बाकीचं तर खरं आहे ना? कयामतपर्यंत दिलं हे तर तूच सांगितलंस.”

आत्याने पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं. मग ती स्टुलावर बसली.

“नाही,” ती म्हणाली. “एका हंगामापुरतं दिलं होतं.”

रौधाने चिरलेली गाजरं बाजूला सारली.

“तुमचा बाप गेला त्या हिवाळ्यात तुम्ही दोघं या इथे चुलीपाशी बसायचात. लस्साद पाच वर्षांचा. एक दिवस त्याने विचारलं, आत्या, आपल्याकडे काय आहे? सगळ्यांकडे काही ना काही आहे, आपल्याकडे काय आहे? मी काय सांगणार होते? घरात मी, तुम्ही दोघं आणि एक फाटकी नाव. मी म्हटलं, आपल्याकडे पाणी आहे, शेजारचं निम्मंसुद्धा, कयामतपर्यंत. त्या दिवशी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ती गोष्ट सांग. मग काय, रोज सांगितली. इतक्यांदा सांगितली की मलाच खरी वाटायला लागली.”

“वादळ?”

“वादळही माझंच. ते तर मी लहान असतानाच जोडलं होतं. चांगलं जमलं होतं.”

“आत्या!”

“ओरडू नकोस. माझा एक नियम होता. गोष्टीत आपल्या पदरचं हवं तितकं घाल, दुसऱ्याच्या पदरचं काढून घेऊ नकोस. वादळ माझ्या पदरचं होतं. पाणी फर्जानीचं होतं. तिथे मी चुकले, आणि पोरं मोठी झाल्यावर दुरुस्त करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, धीर झाला नाही.”

रौधाने नाक पुसलं. शाळेत ती मुलांना सांगते की चूक वेळेवर खोडली तर वही घाण होत नाही. आपल्या पुस्तकाच्या तीनशे प्रती छापून झाल्या आहेत, हे तिला आठवलं.

“मग आज खरं सांगून टाक. सगळं.”

“हंगामाचं सांगेन,” आत्या म्हणाली आणि उठून पुन्हा चुलीकडे वळली. सगळं सांगेन असं ती म्हणाली नाही, आणि रौधाच्या ते लक्षातही आलं नाही.

लस्साद आत आला तो बायकोला घेऊन. हयातच्या हातात खजुराची टोपली होती आणि चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची खूण. त्याने आत्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

“आत्या, घाबरू नकोस. जे लहानपणी सांगायचीस तेच सांग. दोन मिनिटांचं काम.”

“लस्साद, बस जरा.”

“बसायला वेळ नाही. अजून शंभर झावळ्या रोवायच्या आहेत. आपलं जुनं पाणी गाळाने भरलंय, तिथे खेकडासुद्धा फिरकत नाही. हे पाणी मिळालं तर आम्ही राहिलो, नाहीतर पुन्हा स्फाक्स, पुन्हा तो धूर. हयातचा खोकला ऐकलायस ना?”

“मला मध्ये घेऊ नकोस,” हयात म्हणाली. ती स्फाक्सची, बेटावरच्या भांडणांत अजून पाहुणीच होती. पण आत्याजवळ येऊन तिने हळूच सांगितलं, “आत्या, याने तुमच्या गोष्टीवर नोकरी सोडली. माझा भाऊ म्हणत होता, गोष्टीवर कोणी नोकरी सोडतं का? मी म्हटलं, आमच्या आत्याची गोष्ट आहे, ती वेगळी.”

आत्याला हे लागलं. कुणी शिवी दिली असती तर ती परतवता आली असती. विश्वास कुठे परतवायचा?

*

फर्जानी मशिदीतून निघाला तो सरळ रस्ता सोडून किनाऱ्याकडून. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पांढरा जुब्बा, डोक्यावर लाल टोपी, चार मुलं, अकरा नातवंडं. वाटेत भेटेल तो त्याला सलाम करत होता. सलाम घेताना त्याला आज चोरट्यासारखं वाटत होतं, आणि त्याला कारणही होतं.

तक्रार त्याने केलीच नव्हती. थोरल्याने केली, परस्पर. लस्सादने पुस्तक दाखवलं तेव्हा फर्जानी घाबरला होता, पण पाण्यासाठी नाही. पाणी तीन वर्षं ओसच पडलं होतं. मुलं शहरात, त्याच्या गुडघ्यात दम नाही. त्याला भीती होती ती गोष्टीचा धागा कोणी ओढेल याची. एक हंगाम का? कारण हसूनाची कोंडी फाटली होती. कोंडी का फाटली? कारण हसूनाने स्वतःच्या सुरीने ती कापली. का कापली? कारण आत एका मुलाचा पाय अडकला होता आणि भरती चढत होती. आणि तो मुलगा पहाटे पहाटे दुसऱ्याच्या कोंडीत काय करत होता?

वादळ नव्हतं, बापाची नाव नव्हती. समुद्र ताटासारखा शांत होता. पाणी हनुवटीशी आलेलं, हसूनाचा एक हात त्याच्या मानेखाली, आणि नावेतून सुरी पुढे करणारी तेरा वर्षांची सालहा. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कमरेच्या पिशवीकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं ती काही बोलली नाही. उलट तिने त्याला एक वादळ दिलं. त्याच वादळावर तो लहानाचा मोठा झाला. लग्नात लोक म्हणाले, हाच तो, समुद्राने परत दिलेला. त्याची धाकटी नात रौधाच्या वर्गात आहे. तिने अकरावं पान त्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली होती.

सालहाच्या दारापाशी तो थांबला. आतून कुसकुसचा आणि लाल मिरचीच्या रश्श्याचा वास येत होता. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण थोरला मागून येतच होता.

*

जेवणं झाली. वाट्या उचलल्या गेल्या. ब्राहिमकाका, म्हणजे किनाऱ्यावरचे सर्वांत वयस्क, अंजिराच्या झाडाखालच्या चटईवर मांडी घालून बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोघं जुने नावाडी. भिंतीशी लस्साद, समोर फर्जानीचा थोरला, आणि दोघांच्या मधोमध जागा मोकळी, जणू तिथेच ते पाणी होतं.

“सालहा,” ब्राहिमकाका म्हणाले, “तू लबाड नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू बोलतेस जास्त, पण लबाड नाहीस. सांग, खमायसने पाणी किती दिलं आणि कधीपर्यंत?”

आत्या उभी राहिली. समुद्राकडे तोंड करून बोलायची आमची पद्धत आहे. तिने भिंतीपलीकडच्या निळ्या पट्टीकडे तोंड केलं, त्यामुळे लस्सादचा चेहरा तिला बघावा लागला नाही.

“एक हंगाम,” ती म्हणाली. “फक्त एक हंगाम दिलं. कयामत मी घातली, मुलांचं मन राखायला. घुमट आणि खजूर कोणी सांगितलेच नव्हते. चूक माझी. पोराची नाही, पोरीचीही नाही.”

मग लस्साद ताडकन उठला.

“हे खरं नाही! हिला कोणीतरी धमकावलंय!”

“तोंड सांभाळ,” फर्जानीचा थोरला उसळला.

“मग सांगा ना! मुलाचा जीव वाचवला आणि एक हंगाम? आपल्या पोराच्या जिवाची एवढीच किंमत? खमायस कंजूष होता असं तरी म्हणा!”

“आमच्या आजोबांना कंजूष म्हणतोस?”

“गप्प!” ब्राहिमकाकांनी काठी आपटली. पण त्यांच्याही कपाळावर आठी आली होती. “सालहा, पोरगा अविचारी आहे, पण प्रश्न बरोबर विचारतोय. माझा मुलगा कोणी बुडताना काढला तर मी नाव देईन, घर देईन. एका हंगामासाठी देऊन परत घेणार नाही. एकच हंगाम का?”

आत्याची नजर समुद्रावरून हलली नाही.

“सालहा?”

“ते मी सांगणार नाही.”

“अर्धं सांगणारी साक्ष आम्ही काय करायची?” उजवीकडचा नावाडी म्हणाला. “उद्या लोक म्हणतील, वाचवलंच नव्हतं. हसूनाने उडीच मारली नव्हती. सगळीच थाप.”

“म्हणू देत.”

“तुझ्या बापाला खोटं म्हणतील, बाई!”

आत्याने मान हलवली. “माझ्या बापाला काय करायचंय. त्याने ज्यासाठी गप्प राहायला सांगितलं होतं, ते मी गप्प राहून करतेय. मी माझ्या पदरचं मागे घेतलं. बाकीचं माझं नाही.”

रौधाला तेव्हा कळलं, की सकाळी ‘सगळं’ हा शब्द आत्याने का टाळला होता. या बाईने आयुष्यभर गोष्टी फुगवल्या, आणि आज एक गोष्ट पोकळ ठेवायला ती बापाचं नाव पणाला लावायला निघाली होती. कुणाच्या तरी वाट्याचं खरं ती राखत होती. कुणाच्या, एवढंच रौधाला कळेना. तिने वळून लस्सादकडे बघितलं. त्याच्या बाजूने उभं राहावं की आत्याच्या, हे ठरवायच्या आतच तिचे पाय आत्याकडे चालायला लागले होते. तिच्या मागून हयात आली आणि आत्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. लस्सादने बायकोकडे बघितलं.

“तूसुद्धा?”

“खोटंच बोलायचं असतं तर त्यांना सोपं होतं,” हयात म्हणाली. “तेवढं मला बाहेरच्या माणसाला कळतं.”

“बस झालं,” फर्जानी म्हणाला.

तो उठला. उठताना गुडघा धरावा लागला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

“ब्राहिमकाका, मी चोरी करायला गेलो होतो.”

“काय?”

“हसूनाच्या कोंडीत. पहाटे. वादळ नव्हतं. मी आत शिरलो, पिशवी भरली आणि पाय जाळ्यात गुंतला. भरती आली. हसूनाने आपली नवी कोंडी कापून मला काढलं. त्याच्या घरचा हंगाम बुडाला, म्हणून माझ्या बापाने आपलं निम्मं पाणी त्याला हंगामभर दिलं. बापाला वाटलं, मी खेळताना अडकलो. हसूनाने तसंच सांगितलं. आणि या बाईने त्यावर वादळ चढवलं, म्हणजे पुढे कोणी विचारायलाच नको. अठ्ठावन्न वर्षं मी तिच्या वादळाच्या आडोशाला बसलोय.”

त्याच्या थोरल्याने मान खाली घातली. फर्जानीने ते बघितलं, आणि एकदा सुरुवात झालीच होती म्हणून थांबला नाही.

“काय चोर होतो मी! पिशवी एवढी गच्च, की हसूनाला ती उचलवेना. वीस ऑक्टोपस. जास्तच असतील. सगळी कोंडी मी रिकामी—”

“दोन होते,” आत्या म्हणाली.

“अं?”

“दोन. आणि त्यातला एक तर मुठीएवढा. उगाच फुगवू नकोस.”

आधी हयात हसली. मग डावीकडच्या नावाड्याच्या पोटातून गडगडाट आला, आणि बघता बघता ब्राहिमकाकांना खोकल्याची उबळ येईपर्यंत सगळं अंगण हसत सुटलं. फर्जानीचा थोरलाही हसला, डोळे पुसत. फक्त लस्साद तसाच उभा होता.

“म्हणजे माझं काय?” तो म्हणाला. आवाजातला ताठा गेला होता. “मी कुंपण काढून परत जाऊ?”

“कुंपण काढावंच लागेल,” फर्जानी म्हणाला. “ते वाकडं आहे. तुझ्या बहिणीच्या वाक्याप्रमाणे रोवलंस. तिथे ओहोटी तिरकी धावते. मासे पुस्तक वाचत नाहीत, बाळा. तीन आठवड्यांत काय मिळालं तुला?”

तीन आठवड्यांत लस्सादला एक चप्पल आणि सहा बोय मासे मिळाले होते, आणि हे त्याने हयातलाही सांगितलं नव्हतं.

“मागितलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी दिलं असतं. तू पुस्तक दाखवलंस. कुणी मागायला आला तर माणूस दार उघडतो, हद्द सांगत आला तर कडी लावतो. चल माझ्याबरोबर, अर्ध्या भागीने करू. पाणी माझं, गुडघे तुझे. माझी मुलं काही पाण्यात उतरत नाहीत.” मग थोरल्याकडे बघून, “का? काही म्हणणं आहे?”

“नाही, बाबा.” थोरला म्हणाला, “झावळ्या उपटायला मी येतो. उद्या सकाळी ओहोटी लवकर आहे.”

लस्सादने आत्याकडे बघितलं. ती अजून त्याच्याकडे बघायचं टाळत होती. तो चालत तिच्यापाशी गेला.

“आत्या, तेव्हा आपल्याकडे खरंच काही नव्हतं?”

“काही नव्हतं रे.”

“मला कधी तसं वाटलं नाही,” तो म्हणाला. आत्याने त्याचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं. तिचा खांदा त्याच्या छातीपर्यंतच पोचत होता, त्यामुळे त्याला बरंच वाकावं लागलं.

चहा आला, वरून बदाम घातलेला. रौधा पुस्तकाची एक प्रत आणि पेन्सिल घेऊन फर्जानीसमोर बसली. तिचे कान अजून लाल होते.

“काका, हे पान मला बदलावं लागेल. तीनशे प्रतींत चिठ्ठी चिकटवेन. पण तुमची नात माझ्या वर्गात आहे. तुम्ही म्हणाल ते नाव घालते. किंवा नावच नको.”

“माझंच घाल.” फर्जानीने चहाचा घोट घेतला. “तिला मी आज घरी गेल्यावर स्वतः सांगतो. तुझ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. फक्त एक कर, वीस लिही. चोर म्हणूनच जायचं तर निदान मोठा चोर म्हणून जातो.”

“दोन लिही,” आत्या मागून म्हणाली. ती ताट उचलायला आली होती. “आणि पुढचंही लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन्ही आमच्या दाराच्या कडीला टांगलेले होते. धुऊन, सुतळीत ओवून.”

फर्जानीचा पेला हातातच राहिला.

“तुला माहीत होतं?”

“दार मीच उघडलं होतं. तू कोपऱ्यावरून पळत होतास, एका पायाने लंगडत. बाबांना दाखवले. ते म्हणाले, आता हे चोरीचे राहिले नाहीत, शिजव.”

“मला वाटलं मांजराने नेले असतील. इतकी वर्षं मला वाटलं, ते तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत.”

“आम्ही खाल्ले,” सालहा म्हणाली. “मुठीएवढा होता तो मी खाल्ला.”